एकटा शिकारी, चालू कॅमेरा आणि आपली पोरं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांना माझ्याकडून फक्त पंचायत समितीच्या भानगडी वाचायच्या असतात त्यांनी ही सोडून दिली तरी चालेल. पण ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचं पोरगं आहे आणि त्याच्या हातात मोबाइल आहे, त्यांनी वेळ काढून वाचावी.

विषय शिकारीच्या व्हिडिओंचा आहे. अमेरिकेतल्या. एकटा माणूस पहाटेच्या अंधारात रानात जातो, झाडावर मचाण बांधून बसतो, हरणाची वाट बघतो आणि धनुष्याने ते मारतो. सगळं चित्रीकरण तो स्वतःच करतो. बरोबर कॅमेरामन नाही, मित्र नाही, कुत्रंसुद्धा नाही. आपल्याकडची पोरं हे तासन्‌तास बघतात. टपरीवर बघतात, स्टँडवर बघतात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतही बघतात. इंग्रजी कळत नाही म्हणून काही अडत नाही, कारण त्यात बोलणं कमी आणि कुजबुज जास्त. मागे एकाने मला विचारलं, "दादा, तसलं धनुष्य ऑनलाइन केवढ्याला पडतं?" त्याच्याबरोबरचा दुसरा त्याच्याही पुढे गेला. "आपल्याकडं डुकराला चालंल का ओ?"

म्हणून मीही बघायला बसलो. एक-दोन नाही, बरेच बघितले. आणि खरं सांगू का, पहिल्या काही व्हिडिओंत मीही गुंतलो. रान उजाडतं, पक्षी बोलायला लागतात, पानांवर दव पडलेलं असतं, लांब कुठंतरी फांदी मोडल्याचा आवाज येतो आणि तो माणूस श्वास रोखतो. आपणही रोखतो. हे काम येरागबाळ्याचं नाही हे कबूल करायला हवं.

कसं करतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा मुद्दा त्या तपशिलातच आहे.

झाडाच्या बुंध्याला पंधरा-वीस फुटांवर बसायची छोटी लोखंडी पाटी लावलेली असते. पडू नये म्हणून अंगात पट्टे, त्याचा दोर बुंध्याला. शेजारीच बुंध्याला पट्ट्याने आवळून एक घडीचा हात बसवतात आणि त्याच्या टोकाला मोठा कॅमेरा असतो. हा हात तेल दिल्यासारखा बिनआवाज फिरावा लागतो. दुसरा छोटा कॅमेरा डोक्यामागे किंवा वर फांदीला, शिकाऱ्याचा चेहरा आणि धनुष्य दिसावं म्हणून. काही जण तिसरा धनुष्यावरच लावतात. बाणाच्या शेपटीला बारीक दिवा असतो, बाण सुटला की तो पेटतो, म्हणजे व्हिडिओत बाणाचा रस्ता दिसतो आणि कुठं लागला ते कळतं.

आता हरीण आलं. पांढऱ्या शेपटीचं हरीण तिकडे सगळ्यांत जास्त मारलं जातं. त्याचं नाक आणि कान किती तिखट असतात हे रानात फिरलेल्यांना सांगायला नको. धनुष्याने मारायचं तर ते वीस-तीस यार्डांच्या आत यायला लागतं, म्हणजे आपल्या मराठी शाळेच्या पटांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बस्स. इतक्या जवळ आलेल्या जनावरासमोर या माणसाने आधी एका हाताने कॅमेरा फिरवायचा, हरीण चौकटीत आणायचं, ते स्पष्ट दिसतंय का बघायचं, चित्रीकरण चालू आहे का ते बघायचं. मग हात धनुष्याला. मग ओढायचं. तेवढ्यात हरीण दोन पावलं पुढे सरकलं की पुन्हा पहिल्यापासून.

धनुष्यही आपल्या भिल्लांच्या तीरकामठ्यासारखं नसतं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्याला कंपाऊंड धनुष्य म्हणतात. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन नावाच्या माणसाने १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्याला मिळालं. ओढताना तीस किलोच्या आसपास जोर लागतो, पण पूर्ण ओढलं की चाकांमुळे हातावर सहा-सात किलोच भार राहतो. त्यामुळे ओढून थांबता येतं, नेम धरत बसता येतं. माझ्या मते एकट्याने चित्रीकरण करत शिकार करणं या चाकांमुळेच शक्य झालं. साधा कामठा ओढून कोण कॅमेऱ्याची चौकट बघत बसणार?

तीच धनुष्यं घेऊन आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. एकही बाण मधल्या वर्तुळाबाहेर गेला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण धनुष्याच्या वेडाला माझा विरोध नाही. ज्याला वेड आहे त्याने साताऱ्याची वाट धरावी. पन्नास मीटरवरचं कागदाचं लक्ष्य हलत नाही आणि बाण सुटल्याचा आवाज ऐकून दचकतही नाही.

हरीण दचकतं. त्याचा हिशोब करून बघा. चांगल्या धनुष्याचा बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या वर. हरीण तीस यार्डांवर म्हणजे नव्वद फुटांवर असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानाशी पोहोचल्यावर बाण यायला अजून पाव सेकंदाच्या आसपास वेळ असतो. तेवढ्यात ते उडी घेण्यासाठी अंग खाली दबवतं. छातीवर धरलेला बाण पाठीत जातो किंवा पोटात जातो. छातीत नीट लागलं तर जनावर काही सेकंदांत, फार तर एखाद-दोन मिनिटांत संपतं. पोटात लागलं तर तासन्‌तास. म्हणूनच तिकडचे जाणते शिकारी शिकवतात की पोटात बाण लागला असं वाटलं तर लगेच मागे धावू नका, आठ-दहा तास थांबा, नाहीतर ते जखमी जनावर मैलभर पळेल आणि हाती लागणार नाही.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने जे बोलायचं ते बोलतो. बाण सुटतो तेव्हा शिकाऱ्याच्या अंगाला कापरं भरलेलं असतं. कुठं लागला हे त्याला धड सांगता येत नाही, वाटतं छातीत, असतो पोटात. कॅमेऱ्यात मागे जाऊन हळू गतीने बघितलं की खरं कळतं, आणि मग अर्धा तास थांबायचं की दहा तास, हे नीट ठरवता येतं. म्हणजे त्या जनावराच्या दृष्टीनेही कॅमेऱ्याचा उपयोग आहे. काही शिकारी चुकलेले बाणही दाखवतात, रात्रभर बॅटरी घेऊन रक्ताचा माग काढताना दाखवतात, जनावर सापडलं नाही तर तेही सांगतात. असे दोन-तीन मी बघितले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण असे थोडे. बाकीच्यांत काय दिसतं? बाण सुटला, दिवा चमकला, हरीण झुडपात गेलं, शिकाऱ्याने मूठ आवळून कॅमेऱ्याकडे बघितलं, संगीत सुरू. पुढच्या दृश्यात हरीण धुऊनपुसून, जीभ आत घालून, शिंगं हातात धरून फोटो. मधले किती तास? दिसत नाही. किती बाण मारले? दिसत नाही. हे हरीण सापडलं, त्याआधीची किती सापडली नाहीत? त्यांचा व्हिडिओच नसतो.

मी पत्रकार आहे. कापाकापी हा आमचा रोजचा धंदा. सभेत पन्नास माणसं असली तर कॅमेरा कुठं लावला की पाचशे दिसतात, हे मला माहीत आहे आणि ते मला सांगणाऱ्या नेत्यांनाही माहीत आहे. त्यामुळे कुठला व्हिडिओ बघताना माझं लक्ष दाखवलेल्या गोष्टीपेक्षा दोन दृश्यांच्या मधल्या सांध्याकडे जातं. या शिकारीच्या व्हिडिओंत तो सांधा नेहमी एकाच जागी येतो: बाण लागल्यानंतर आणि जनावर मरण्याआधी. ज्या भागाची जबाबदारी शिकाऱ्यावर सगळ्यांत जास्त, नेमका तोच भाग कापलेला.

एकट्याच्या शिकारीचा हाच तर प्रश्न आहे. आल्डो लिओपोल्ड नावाचा अमेरिकेतला फार मोठा वनशास्त्रज्ञ होऊन गेला. स्वतः शिकारी होता, धनुष्यं स्वतःच्या हाताने करायचा. त्याचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये आलं. त्यात त्याने एक गोष्ट मांडली आहे: बाकीच्या खेळांत प्रेक्षक असतात, टाळ्या असतात, शिट्ट्या असतात. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतो. रानात त्याने काय केलं हे बघायला कुणी नसतं, म्हणून तिथं त्याचं मनच त्याचा पंच. शिकारीला नीतीचं वजन येतं ते यामुळे, असं त्याचं म्हणणं. मला हे फार पटलं. मी आयुष्यात कधी शिकार केलेली नाही, तरी पटलं. कुणी बघत नसताना माणूस कसा वागतो हे आपण सगळ्यांच्याच बाबतीत बघतो की. ग्रामसेवक असो, डॉक्टर असो नाहीतर पत्रकार.

कॅमेरा चालू केला की तो एकटा माणूस एकटा राहत नाही. पाच लाख लोक त्याच्या मचाणावर येऊन बसतात. आणि हे पाच लाख पंच नसतात. त्यांना हरीण पडलेलं बघायचं असतं. सहा तास बसून काहीच न मारता खाली उतरलेल्या माणसाचा व्हिडिओ कोण बघणार? संध्याकाळ होत आली आहे, हरीण थोडं तिरकं उभं आहे, मध्ये एक फांदी आहे, अंतर जरा जास्त आहे. कॅमेरा नसेल तर शहाणा शिकारी धनुष्य खाली ठेवतो. कॅमेरा असेल तर? चौकटीत सुंदर दिसतंय, उजेड जातोय, महिनाभर काही टाकलेलं नाही, धनुष्य देणारी कंपनी विचारतेय. तो बाण सुटतो. सगळ्यांचाच सुटतो असं मी म्हणत नाही. पण ओढ त्या दिशेची आहे, हे नाकारून चालणार नाही.

उलटंही होतं. समोर अगदी नीट, जवळ, आडवं उभं असलेलं जनावर केवळ कॅमेऱ्यात आलं नाही म्हणून सोडून देतात, हे शिकारी स्वतःच सांगतात, थोडं अभिमानानेच. ऐकायला बरं वाटतं, जनावर वाचलं. पण विचार करा, म्हणजे बाण केव्हा सोडायचा हे आता कोण ठरवतंय?

हे नवीन नाही म्हणा. फ्रेड बेअर नावाचा धनुष्यवाला तिकडे होऊन गेला, त्याने आपल्या शिकारीच्या फिल्म दाखवून धनुष्याचा धंदा उभा केला, त्याला आता किती दशकं झाली. पण फिल्म काढायची तर तेव्हा दुसरं माणूस लागायचं. त्या दुसऱ्या माणसाचे डोळे तरी रानात असायचे. आता तेही नाहीत. कॅमेरा बोटाएवढा झाला आणि साक्षीदार गेला.

याचं टोक कुठं जातं त्याची दोन उदाहरणं देतो. २०१६ मध्ये एका अमेरिकन शिकाऱ्याने कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात भाल्याने काळं अस्वल मारलं. भाल्यालाच कॅमेरा बांधलेला. व्हिडिओ त्यानेच टाकला. तिथल्या कायद्यात तेव्हा भाल्याला मनाई नव्हती, पण जगभर इतकी ओरड झाली की त्या प्रांताच्या सरकारला भाल्याच्या शिकारीवर बंदी आणण्याची घोषणा करावी लागली. दुसरं, २०२२ मध्ये धनुष्याच्या शिकारीच्या व्हिडिओंवरच नाव आणि पैसा कमावलेल्या एका जोडप्याने नेब्रास्काच्या फेडरल कोर्टात गुन्हा कबूल केला. तिथं शिकारीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीने आमिष टाकून जनावरं मचाणाखाली आणायची सोय केली होती, ते तिथल्या नियमांत बसत नाही. मोठा दंड झाला, तीन वर्षं देखरेखीखाली राहायची शिक्षा झाली. प्रेक्षकाला मात्र व्हिडिओत रान, धुकं आणि कसलेला शिकारी एवढंच दिसणार. आमिष चौकटीबाहेर.

आता काही जण लगेच लिहितील, अमेरिकन लोक राक्षस आहेत, रक्तपिपासू आहेत वगैरे. कृपा करून तसं लिहू नका. तिथली व्यवस्था समजून घ्या. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, किती आणि कसलं जनावर मारायचं ते ठरलेलं असतं. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला जातो, पुढे १९७० च्या दशकात धनुष्यबाणांवरही असा कर आला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिकडची पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती, आज ती कोटींच्या घरात आहेत. लांडगे बहुतेक ठिकाणी संपवलेले, त्यामुळे हरणं माणसाने कमी केली नाहीत तर ती रान खाऊन टाकतात. शिकारी मांस घरी नेतात, वर्षभर खातात. रविवारी सकाळी चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभं राहून त्यांना क्रूर म्हणायचा अधिकार मला तरी वाटत नाही. आणि तिकडचे शिकारीही गप्प बसलेले नाहीत. पोप अँड यंग क्लब ही धनुष्याने शिकार करणाऱ्यांची १९६१ सालची संस्था. जनावराला निसटायची खरी संधी मिळाली पाहिजे हा तिचा आग्रह. अॅरिझोना राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी रानात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावायलाच बंदी केली. म्हणजे कॅमेऱ्याने शिकारीचं काय होतं, हा वाद तिथंही चालू आहे.

फक्त आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये परवाना, हंगाम, कर, वाद यातलं काहीच येत नाही. येतो तो दिवा लावलेला बाण.

आणि आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. हे मी जेवढ्या लोकांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, म्हणून स्पष्ट लिहितो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२. कलम ९ प्रमाणे शिकारीला मनाई आहे. शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नाही. पकडणं, फासे लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारच. म्हणजे डुकरावर बाण मारला आणि नेम चुकला तरी कायद्याने शिकारीचा गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड आता एक लाखापर्यंत. घोरपड, मोर, काळवीट अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात, दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. गावाकडं घोरपडीला अजून कुणी एवढं महत्त्वाचं जनावर मानत नाही. कायदा मानतो.

या गुन्ह्याचा व्हिडिओ जो स्वतःच काढतो त्याला काय म्हणावं? मोबाइलमधलं चित्रीकरण कोर्टात पुरावा म्हणून येतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्यासाठी कलम ६३ आहे. चेहरा आहे, आवाज आहे, मागचा डोंगर ओळखता येतो, तारीख-वेळ आहे. शिकार करून व्हिडिओ टाकला आणि वन विभागाने उचललं, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. पकडला जाणारा बहुतेक वेळा कोण असतो? वाडीवरचं, दहावी नापास, रोजंदारीवर जाणारं पोरगं. त्याला ग्रुपवर पाठीवर थाप मारणारा, "एक नंबर भावा" लिहिणारा, व्हिडिओ पुढं ढकलणारा शहरातला दोस्त मोकळा. जामिनाला पैसे गोळा करायची वेळ येते तेव्हा "एक नंबर भावा"वाले फोन उचलत नाहीत, हे मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून बघितलेलं आहे.

थोडं विषयांतर करतो. ज्या जिम कॉर्बेटचं नाव घेऊन आपल्याकडं शिकारीच्या गप्पा रंगतात, तो नरभक्षकाच्या मागे शक्यतो एकटाच जायचा. पुढे त्यानेच सिने कॅमेरा घेतला आणि ओढ्याकाठी महिनोन्‌महिने बसून वाघांचं चित्रीकरण केलं. त्याच्यासारख्या नेमबाजाने लिहून ठेवलंय की वाघ मारण्यापेक्षा वाघाचा फोटो काढणं जास्त अवघड आणि जास्त समाधानाचं. आपल्या देशात कॅमेरा रानात आला तो बंदुकीच्या जागी आला. आता तो धनुष्यावर बसून परत येतोय.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती शेतकऱ्याची आहे.

रानडुकराने भुईमुगाचं काय होतं ते ज्याच्या वावरात झालंय त्याला विचारा. एका रात्रीत अर्धा एकर नांगरल्यासारखा. ऊस आडवा, मका आडवा, भाताच्या खाचरात लोळण. पोरं शहरात, म्हातारा-म्हातारी रात्रभर पत्र्याचे डबे वाजवत बसतात. या माणसाचा राग खरा आहे. त्याला कायद्यात वाटही आहे: पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी वन विभाग कलम ११ खाली देऊ शकतो, आणि नुकसानीची भरपाई मिळते. ती वाट खडबडीत आहे, अर्ज, पंचनामा, हेलपाटे, साहेब मीटिंगला गेलेत, या सगळ्यातून जाते. तिच्यावर मी दहादा लिहिलंय आणि अजून लिहीन. डुकरांचा प्रश्न सोडवायचा तर कधीतरी मारण्याबद्दलही सरळ बोलावं लागेल. कुणी मारायचं, कशाने, किती, जखमी झालं तर मागावर कुणी जायचं, मांसाचं काय करायचं. ही गंभीर चर्चा आहे. शेतकरी, वन विभाग आणि प्राणीप्रेमी एका टेबलावर बसले तरच ती होईल.

आणि नेमक्या याच वेळी एखादं पोरगं हेडलाइट लावून, मागे गाणं टाकून, तडफडणाऱ्या डुकराची रील टाकतं. एवढ्याने काय होतं? मुंबई-पुण्यात बसलेल्या माणसाला आपला शेतकरी म्हणजे मजेसाठी जनावर मारणारा टोळभैरव वाटायला लागतो. वन अधिकारी हात आखडता घेतो, उगाच अंगाशी कशाला? परवानगीचा अर्ज फायलीत खाली जातो. नुकसान झालं त्या म्हाताऱ्याचं, लाइक मिळाले त्या पोराला. ज्याचा भुईमूग गेला तो रील काढत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो.

हे पोरांना "नको करू" म्हणून थांबणार नाही, हे मला कळतं. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, माझं कोण ऐकतंय. त्यांना बोलायचं तर व्हिडिओ त्यांच्याच शेजारी बसून बघावा लागेल आणि विचारावं लागेल: आत्ता कट झाला तिथं काय झालं असेल रे? मी दोघा-तिघांबरोबर हे करून बघितलं. पहिल्यांदा हसले. तिसऱ्या व्हिडिओला एकजण स्वतःहून म्हणाला, "दादा, हे हरीण त्या दिवशीचं वाटत नाय, उजेड वेगळा आहे." पोरांची नजर आपल्यापेक्षा चांगली आहे. कुणी प्रश्न विचारायला शिकवलं नाही एवढंच.

शेवटी कामाचं. शिकारीचे व्हिडिओ मला "बातमी करा" म्हणून पाठवू नका, आणि ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. आपल्या भागात शिकार होत असेल, फासे किंवा तारेत सोडलेला करंट दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर कळवा. करंटच्या तारेत डुकराआधी माणूस सापडतो, हे लक्षात असू द्या.

आणि ज्यांनी या वर्षी डुकराच्या किंवा गव्याच्या नुकसानीचे अर्ज केलेत पण पंचनामाच झाला नाही किंवा पंचनामा होऊन पैसे आले नाहीत, त्यांनी अर्जाची पोच आणि गट नंबर मला मेसेजमध्ये पाठवा. ज्यांनी मारायची परवानगी मागितली आणि उत्तरच आलं नाही त्यांनीही. पुढच्या सोमवारपर्यंत जेवढे येतील तेवढे घेऊन मी वन परिक्षेत्र कार्यालयात जाणार आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर सकाळी दहाला स्टँडवर या.